आयुर्वेदिक औषधांना साइड इफेक्ट नसतात, हे खरं का?

तुम्ही लिहिलंय की आईंनी गुडघ्यांसाठी शेजारणीच्या सांगण्यावरून महायोगराज गुग्गुळ सुरू केलाय, आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय काय होणार’ असं घरात सगळे म्हणतायत. मी औषधांच्या दुकानात बसतो, हे वाक्य रोज कानावर पडतं. ते खरं नाही.

आधी डबी उलटी करून घटक वाचा. साध्या योगराज गुग्गुळात सहसा वनस्पतीच असतात. ‘महा’मध्ये वंग, लोह, अभ्रक वगैरेंच्या जोडीला नागभस्म, म्हणजे शिसं, आणि रससिंदूर, म्हणजे पारा नि गंधक. गिऱ्हाइकाला साधा की महा विचारलं तर उत्तर ठरलेलं: “मोठाच द्या, लवकर गुण येईल.”

ही भेसळ नव्हे. रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेत, हे धातू शोधन-मारण करून, म्हणजे शुद्ध करून नि भाजून भस्म करून, मुद्दामच वापरतात. नीट मारलेलं भस्म बाधत नाही, असं वैद्य सांगतात. पण कितीही पुटं दिली, म्हणजे कितीदाही भाजलं, तरी शिशाचं दुसरं मूलद्रव्य होत नाही, आणि भस्म नीट झालंय का हे डबीकडे बघून मलाही कळत नाही. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा साधारण २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. नुसत्या रसौषधींत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं.

आपला कायदाही हे जाणतो. पारा, हरताळ (आर्सेनिकचं खनिज), आणि बचनाग, कुचला, बिब्बा या वनस्पती, ही द्रव्यं औषध नियमांच्या विषारी यादीत आहेत. ती असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ असा इशारा इंग्रजी-हिंदीत छापावा लागतो. छापतात, पण मुंगीएवढ्या अक्षरात!

नुसती वनस्पती असली तरी निर्धास्त राहू नका. करोनात लोकांनी गुळवेलीचे काढे ढोसले. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वाद चालूच आहे.

आईंना पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा असेल किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर गुग्गुळ थांबवा आणि डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. रक्तातल्या शिशाची तपासणी होते, ती सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. सोबत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची, आणि यकृताच्या तपासण्याही करून घ्या. आयुर्वेदच हवा असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा, ते नाडीबरोबर चालू गोळ्याही विचारतील. पुडीत बांधलेल्या, लेबल नसलेल्या काळ्या गोळ्या मात्र कोणीही दिल्या तरी मी माझ्या घरात देणार नाही.