व्हिपल शस्त्रक्रियेनंतर पोटात पुन्हा नळी कशासाठी?

प्रश्न : वडिलांच्या स्वादुपिंडावरील गाठीसाठी मुंबईत व्हिपल शस्त्रक्रिया झाली. आठवड्याने ताप आला, सीटी स्कॅन झाले आणि रेडिओलॉजिस्टने पाठीकडून एक नळी बसवली. पोट पुन्हा उघडून दोष दूर का केला नाही? आता नळीसह घरी जायचे आहे, तर काय सांभाळावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढून उरलेले स्वादुपिंड आतड्याला जोडतात. स्वादुपिंड मऊ असेल तर तेथे टाके नीट धरत नाहीत आणि कुशल हातांनी केलेल्या जोडातूनही पाचक रस झिरपू शकतो. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधील (शस्त्रक्रियेवेळीच पोटात ठेवलेल्या नळीतील) द्रवातील अमायलेज हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य रक्तातील कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून अधिक असेल, तर गळतीची शंका येते. आठवड्याभरानंतर आतडी सुजून एकमेकांना चिकटलेली असतात; अशा वेळी पोट उघडणे अधिक धोक्याचे ठरते. म्हणून सोनोग्राफी किंवा सीटीच्या आधाराने सुई, तार आणि मग नळी घालून साठलेला द्रव बाहेर काढतात. जोड बहुधा आपोआप भरतो, मात्र त्याला काही आठवडेही लागू शकतात.

नळी ओढली जाणार नाही, पिशवी कमरेखाली राहील आणि रोजचे प्रमाण लिहिले जाईल, एवढे पाहावे. ताप येऊन द्रव अचानक थांबला, तर नळी तुंबली असावी.

खरी सावधगिरी रक्ताबाबत हवी. झिरपलेला रस कधी कधी जवळच्या रोहिणीची (धमनीची), विशेषतः शस्त्रक्रियेत कापून बांधलेल्या, जठर व ड्युओडेनमकडे जाणाऱ्या गॅस्ट्रोड्युओडेनल रोहिणीच्या टोकाची, भिंत झिजवतो आणि तेथे फुगा तयार होतो. तो फुटण्यापूर्वी अनेकदा नळीत थोडे रक्त दिसते, रक्ताची उलटी होते किंवा काळी शौच होते आणि सारे आपोआप थांबते. ‘थांबले, आता सकाळी पाहू’ हा विचार येथे घातक आहे, कारण पुढचा रक्तस्राव काही तासांत जिवावर बेतू शकतो. रुग्ण स्थिर असेल तर तातडीने सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन) करतात. फुगा आढळल्यास जांघेतील रोहिणीतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी नेऊन कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) ती वाहिनी बंद करतात किंवा आत आच्छादित स्टेंट (आवरण असलेली जाळीदार नळी) बसवतात.

केवळ सीटी यंत्र असून भागत नाही. धुळे किंवा जळगाव येथे स्कॅनच्या आधाराने असे उपचार करणारा डॉक्टर, म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, रात्रीही कोठे उपलब्ध असतो, हे मुंबई सोडण्यापूर्वीच आपल्या सर्जनांकडून विचारून घ्यावे आणि डिस्चार्ज कार्डासोबत सीटीची सीडी हाताशी ठेवावी. नळी कधी काढायची, हे द्रव घटल्यावर आणि गरजेनुसार पुन्हा स्कॅन करून सर्जनच ठरवतील.