जावात स्किप(४) दिल्यावर 'कोथरूड'मधलं 'ूड' मागे का उरतं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: पुण्यातल्या बसथांब्यांची मराठी फाइल आहे. ओळीत आधी थांब्याचं नाव, मग स्वल्पविराम, मग मार्गांचे क्रमांक. नावातली अक्षरं मोजून तुम्ही रीडरला (जावाचा मजकूर वाचणारा भाग) तेवढं स्किप करायला, म्हणजे वगळायला सांगता. 'हडपसर'ला ५ दिले की बरोबर जमतं, 'कोथरूड'ला ४ दिले की 'ूड' उरतं, आणि फाइलच्या पहिल्या ओळीत हिशेब आणखी एकाने चुकतो.

स्किपमध्ये दोष नाही. तो जावाचे 'कॅर' मोजतो, म्हणजे यूटीएफ-१६ची १६ बिटांची एककं. आपण शाळेत मोजायला शिकलो ती अक्षरं त्याला ठाऊक नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण (हलन्त) हे सगळे स्वतंत्र कॅर आहेत. 'हडपसर'मध्ये यातलं काहीच नाही, म्हणून ५ जुळले. 'कोथरूड' म्हणजे क, ओकार, थ, र, दीर्घ ऊकार, ड, असे ६. 'स्वारगेट' दिसायला ४ अक्षरं, पण कॅर ८. तिथे ४ दिलेत तर 'रगेट' उरेल, आणि हे जास्त धोक्याचं. लटकलेला ऊकार निदान डोळ्यांना खुपतो, 'रगेट' मात्र गुपचूप डेटाबेसमध्ये जाऊन बसतं.

स्ट्रिंगची लांबी देणारं लेंग्थ() हेच कॅर मोजतं, म्हणून बोटांवर मोजण्यापेक्षा ते बरं. तरीही त्यावर पूर्ण भिस्त नको. 'पायऱ्या'मधला अर्धा र कुणी ऱ आणि हलन्त असा टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा. पहिल्यात २ कॅर, दुसऱ्यात ३. शिवाय ऱ हा एकच कॅर असू शकतो, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: मराठी मजकुरात संख्येने वगळूच नका, खुणेने वगळा. बफर्डरीडरच्या रीडलाइन()ने अख्खी ओळ घ्या, इंडेक्सऑफने पहिला स्वल्पविराम शोधा, त्याच्या पुढच्या जागेपासून सबस्ट्रिंग काढा. इंडेक्सऑफने -१ दिलं तर ओळच बिघडलेली आहे, ती वेगळी नोंदवा. यात वेळ वाया जातो असं वाटत असेल तर तसं नाही. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे फाइलमध्ये मजकूर बाइटांत साठवायच्या पद्धतीत, एका कॅरला किती बाइट लागतील हे वाचल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे फाइलरीडरचा स्किपसुद्धा आतून सगळं वाचतो आणि फेकून देतो. उडी कुठेच नसते.

पहिल्या ओळीतला जादा एक म्हणजे बहुधा बॉम, यू+एफईएफएफ हा अदृश्य कॅर. काही एडिटर तो फाइलच्या सुरुवातीला घालतात आणि जावाचा यूटीएफ-८ डीकोडर तो काढत नाही. बफर्डरीडर उघडल्याबरोबर त्यावर मार्क(१) करा, एक कॅर वाचा, तो बॉम नसेल तर रीसेट() करा.

स्किप लागणारच असेल, समजा ठरावीक रुंदीचे इंग्रजी रकाने आहेत, तर त्याने परत दिलेला आकडा तपासा. बफर्डरीडर मागितलेले सगळे कॅर वगळेपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत थांबत नाही, पण हे प्रत्येक रीडरबद्दल गृहीत धरू नका. चक्र असं लिहा: बाकी शून्यापेक्षा जास्त आहे तोवर स्किप(बाकी) करा आणि आलेला आकडा वजा करा. शून्य आलं तर एक रीड() करा. त्याने -१ दिलं तर फाइल संपली, नाहीतर बाकीतून एक कमी करून पुढे चला. हा रीड() गाळलात तर फाइल संपल्यावर चक्र कायम फिरत राहतं. ऋण संख्या दिलीत तर बहुतेक रीडर इललीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन देतात, स्ट्रिंगरीडर मात्र मागे सरकतो.

कच्चे बाइट वाचणाऱ्या इनपुटस्ट्रीमचा स्किप वेगळा, तो बाइट मोजतो. देवनागरीचा एक कॅर यूटीएफ-८मध्ये ३ बाइट घेतो, म्हणजे तिथे ४ वगळले तर ओकाराचा पहिला बाइट जातो आणि पुढे प्रश्नचिन्हाचे चौकोन येतात. बफर्डइनपुटस्ट्रीमच्या बफरमध्ये ३० बाइट उरले असतील तर १०० मागूनही तो ३० वगळून परत येतो. फाइलइनपुटस्ट्रीम फाइलच्या शेवटापलीकडेही खुशाल वगळतो आणि मागितलेला आकडा परत देतो. फाइल संपल्याचं पुढच्या रीडला -१ आल्यावरच कळतं. नेमके बाइट हवे असतील तर जावा १२पासूनचा स्किपएनबाइट्स वापरा, कमी पडले तर तो ईओएफ एक्सेप्शन देतो.

फाइलरीडरवर बफर्डरीडर चढवल्यावर खालच्या फाइलरीडरला हात लावू नका. वरच्याने ८१९२ कॅरपर्यंत आधीच उचललेले असतात, त्यामुळे भलताच मजकूर वगळला जातो.

आणि कॅरसेट, म्हणजे बाइटांचे कॅर कोणत्या पद्धतीने करायचे ते, लिहूनच द्या. जावा ११पासून फाइलरीडरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तो देता येतो. जावा १८पासून न सांगताही यूटीएफ-८ धरलं जातं, त्याआधी मशीनचा कॅरसेट चालायचा. 'कोथरूड'ची लेंग्थ ६ऐवजी १८ आली, तर स्किपकडे पाहूच नका. प्रत्येक बाइट सुटा कॅर म्हणून वाचला जातोय.