ऑफर लेटर आलंय ना? सही करण्याआधी हे वाच

अभिनंदन! आता सीटीसीचा (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा बाजूला ठेव आणि दरमहा हातात किती पडतील, ते एचआरकडून लेखी घे. कंपनीचा पीएफमधला वाटा (बेसिकच्या १२ टक्के), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), विम्याचा हप्ता, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग), सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं असतं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं झाल्यावरच पदरात पडते आणि व्हेरिएबलचं काही खरं नसतं. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का, बॉण्ड (ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट) आहे का, तेही बघ.

‘आपण एक कुटुंब आहोत’ असं सांगणाऱ्या कंपनीनेच चांगली माणसं एका मेलवर घरी पाठवलेली मी पाहिलीत. काम जीव तोडून कर, पण बायोडेटा अद्ययावत ठेव.

पहिल्या पगारावर महागडा फोन उचलू नकोस. क्रेडिट कार्डाच्या ‘नो कॉस्ट’ ईएमआयमध्येही व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी.

आणि ऑफिस हिंजवडीला म्हणून लगेच वाकडला फ्लॅट बुक करू नकोस, कृपा कर! आधी भाड्याने राहा. उद्या प्रोजेक्ट खराडीला हलला, तर हप्ता वाकडचा भरायचा आणि रोज अख्खं पुणं ओलांडायचं.