बाझेलहून जर्मनीत किराणा आणायचा तर
स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नवीन आलात ना? आधी फ्रँकचे रुपये करणं थांबवा, नाहीतर घास गिळवणार नाही. आठ नंबरची ट्राम सरळ जर्मनीत वाइल आम राइनला जाते. चिकन, शाम्पू, डायपर तिथून आणा, स्वस्त पडतात. नुसत्या दूध-पावासाठी जाल तर फरक तिकिटातच जिरेल. मांस माणशी दिवसाला १ किलोच विनाशुल्क आणता येतं. २०२५ पासून माणशी १५० फ्रँकांपर्यंतच्या मालालाच स्विस कर माफ, आधी ३०० होते. बिल ५० युरोंच्या वर गेलं की दुकानात निर्यातीचा फॉर्म मागा, जर्मन कस्टमचा शिक्का घ्या, पुढच्या खेपेला व्हॅट परत मिळतो: खाण्याच्या बहुतेक वस्तूंवर ७ टक्के, शाम्पूसारख्यांवर १९. शनिवारी जाऊ नका, शिक्क्याच्या रांगेत आइस्क्रीमचं सरबत झालंय माझं. आणि रविवारी तिथली दुकानं बंद!