वाचकांचे प्रश्न : रिपॉझिटरी ब्राउझरची नवी आवृत्ती

प्रश्न : होटगी रस्त्यावर आमची छोटी कंपनी आहे. यंत्रमाग कारखान्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. गिटमधला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) कोड वेबवर पाहता यावा म्हणून आम्हीच पायथनमध्ये एक रिपॉझिटरी ब्राउझर, म्हणजे कोडचा साठा पाहण्याचं साधन, लिहिला. आता तो मुक्त परवान्याखाली सगळ्यांना द्यायचाय, २.० म्हणून. झिप करून ठेवली की झालं, की आणखी काही पाहावं लागतं?

उत्तर : झिप हे सगळ्यात शेवटचं आणि सोपं काम. त्याआधी मुद्दाम एक वाईट रिपॉझिटरी तयार करा. तुमच्या स्वतःच्या कोडवर ब्राउझर चालणारच. फायलींना नावं तुम्हीच शहाण्यासारखी दिलेली असतात. बाहेरचे लोक देत नाहीत. नावात स्पेस, #, %, +, अवतरणचिन्ह आणि < > असलेल्या फायली कमिट करा (म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवा) आणि प्रत्येक पान उघडून पाहा. # एन्कोड न होता लिंकमध्ये गेला, तर वेब ब्राउझर त्यापुढचा भाग सर्व्हरला पाठवतच नाही आणि भलतंच पान उघडतं.

< > हा तर सुरक्षेचा मामला. व्ह्यूव्हीसीसारख्या मुरलेल्या रिपॉझिटरी ब्राउझरमध्येसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये हीच चूक निघाली. रिव्हिजनच्या पानावर बदललेल्या फायलींची नावं एस्केप न करता (म्हणजे खास चिन्हं निरुपद्रवी रूपात न बदलता) छापली जात होती, म्हणजे कमिटचा अधिकार असलेला माणूस फाइलच्या नावातूनच स्क्रिप्ट घुसवू शकत होता. १.२.२ ही आवृत्ती काढून ते बुजवलं, तर तशीच आणखी एक जागा सापडली आणि पाठोपाठ १.२.३ काढावी लागली. फाइलचं नाव, लेखकाचं नाव, कमिटचा संदेश, ब्रँच, रीडमी : रिपॉझिटरीतून येणारं काहीही परक्याचंच समजा. टेम्प्लेटमध्ये एस्केपिंग डिफॉल्टनं चालू ठेवा, एकेक जागा आठवून नव्हे.

मराठी नावांचीही चाचणी घ्या. गिट देवनागरी नावं मुळात बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४ अशा आकड्यांत दाखवतं. गिटच्या कमांडला ‘-झेड’ हा पर्याय (इंग्रजी लिपीतला छोटा झेड) दिला की नाव जसंच्या तसं मिळतं. ‘दुसऱ्या पाळीचा हिशेब’ या नावातला ऱ आणखी फसवा. तो युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण बाइट वेगळे. त्यामुळे शोध घेतल्यावर फाइल सापडत नाही. शोधताना दोन्ही बाजू एनएफसी रूपात (युनिकोडचं तुकडे जोडलेलं रूप) आणून ताडा. लिंकमधला मार्ग मात्र अजिबात बदलू नका, नाहीतर ४०४ (पान सापडलं नाही) येईल.

लिंकची रचना किंवा कॉन्फिगरेशनमधली नावं बदलली असतील तरच २.० म्हणा, नुसत्या नव्या सोयींना १.१ पुरे. बदलली असतील तर जुन्या लिंक ३०१ ने (पत्ता कायमचा बदलल्याचा संकेत) नव्याकडे वळवा. लोकांच्या तक्रारनोंदींत आणि ईमेलमध्ये त्या वर्षानुवर्षं पडून असतात. काढून टाकलेला पर्याय कुणाच्या कॉन्फिगमध्ये राहिलाच, तर गप्प न बसता त्याचं नाव घेऊन एरर द्या.

मग आधी आरसी १ (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिमच्या आधीची चाचणी आवृत्ती). ती स्वतःच्या फोल्डरमधून तपासू नका. टॅगवरून (आवृत्तीला गिटमध्ये दिलेली खूण) ‘गिट आर्काइव्ह’ने तयार केलेलं पॅकेज कोऱ्या मशीनवर उतरवून बसवा. पायथनच्या पॅकेजमध्ये टेम्प्लेट आणि सीएसएस यायचे राहून जातात, आणि ते नेमकं इथेच कळतं. सगळं ठीक असेल तर बदलांची यादी, सही केलेला टॅग, एसएचए-२५६ बेरीज (उतरवलेली फाइल जशीच्या तशी आहे का ते ताडायला). एकदा जाहीर केलेला टॅग हलवू नका. चूक निघाली तर २.०.१ काढा, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या आमच्या संस्थेत सर्व्हर अपग्रेड केल्यापासून गिटवेबवर (गिटसोबत येणारा रिपॉझिटरी ब्राउझर) सगळ्या रिपॉझिटरींपुढे ‘नो कमिट्स’ येतं. फायली तर जागच्या जागी आहेत.

उत्तर : डेटा सुखरूप आहे. २०२२ पासून गिट दुसऱ्या युजरच्या मालकीच्या रिपॉझिटरीला हात लावत नाही. तुमचं गिटवेब बहुधा अपाची या वेब सर्व्हरच्या युजरनं चालतं, फोल्डर दुसऱ्याच्या नावावर असणार. अपाचीच्या एरर लॉगमध्ये ‘ड्युबियस ओनरशिप’ सापडलं की खात्री झाली. ‘सेफ डॉट डिरेक्टरी’ या सेटिंगमध्ये प्रत्येक रिपॉझिटरीचा पूर्ण मार्ग द्या, आणि तो ‘सिस्टिम’ पातळीवर. वेबच्या युजरला बहुधा होम फोल्डरच मिळत नाही, म्हणून ‘ग्लोबल’ लिहून फरक पडत नाही. खुद्द रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमध्ये लिहिलेलं गिट या बाबतीत मानत नाही. मालकीच अपाचीच्या युजरला देऊन टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाहण्यापुरत्या ब्राउझरला लिहिण्याचा अधिकार कशाला?