स्नूकरचा रेफरी म्हणून कारकीर्द करता येते का? चेंडू जागेवर ठेवण्यापलीकडे त्याला काम तरी काय असते?

करता येते, पण फार थोड्यांना. मी लिहायला बसलो ते मात्र आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या वाक्यामुळे, कारण ते मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि दर वेळी ते तितकेच चुकीचे असते.

चेंडू जागेवर ठेवणे हेच किती अवघड असते ते ‘मिस’ पुकारल्यावर कळते. खेळाडूने योग्य चेंडूला स्पर्श करण्याचा पुरेसा प्रयत्न केला नाही असे रेफरीचे मत झाले, तर प्रतिस्पर्धी सगळे चेंडू पूर्वीच्या जागी ठेवून घेऊ शकतो. दूरचित्रवाणीवरच्या सामन्यांत त्यासाठी पडद्यावरचे चित्र असते. हौशी स्पर्धांत रेफरीची स्मरणशक्ती आणि फार तर खेळाडूंची संमती एवढेच हाताशी असते. म्हणून प्रत्येक फटक्यापूर्वी खेळाडूकडे नव्हे, तर संपूर्ण टेबलाकडे पाहायची सवय लावावी लागते.

पण त्याहून अवघड असते ते गप्प राहणे. एका कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी रेफरी होतो आणि निर्णायक फ्रेम (डाव) चालू होती. आघाडीवर असलेल्या मुलाने शेवटचा लाल चेंडू पॉट केला, म्हणजे टेबलाच्या पॉकेटमध्ये घातला, त्यावर निळाही घेतला. मी निळा पुन्हा त्याच्या स्पॉटवर, म्हणजे ठरलेल्या जागी, ठेवला आणि ब्रेकचे (त्या एका पाळीतले) गुण पुकारले. लाल संपले होते, त्यामुळे आता क्रमाने पाळी पिवळ्याची होती, हिरव्याची त्यानंतर. पिवळा कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटलेला आणि हिरवा मात्र पॉकेटच्या तोंडाशी, त्यामुळे त्या मुलाने क्यूला खडू लावला आणि तो सरळ हिरव्यावर वाकला. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या प्रशिक्षकांच्या ते लक्षात आले होते आणि ते माझ्याकडे रोखून पाहत होते. मी हललो नाही. पिवळ्याकडे नजरसुद्धा जाऊ दिली नाही, कारण नजर हाही इशाराच असतो. हिरवा आत गेला. मी ‘फाऊल, चार’ (म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चार गुण) असे पुकारले, हिरवा बाहेर काढून स्पॉटवर ठेवला आणि प्रतिस्पर्ध्याने पुढे ती फ्रेम जिंकली.

सामन्यानंतर ते प्रशिक्षक मला म्हणाले, “तुम्हाला दिसत होते ना? नुसते खाकरला असतात तरी पोराची फायनल वाचली असती.” त्यांचे म्हणणे असे की कुमार गटातला खेळ शिकण्यासाठी असतो आणि तिथे रेफरीने माणुसकी दाखवावी. भेटले की ते आजही हेच म्हणतात. माझ्या मते शिकवणे सरावात व्हावे. होऊ घातलेल्या फाऊलची सूचना रेफरीने द्यायची नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. आणि जिथे मदत करायची तिथे नियम तसे सांगतात. रंगांधळ्या खेळाडूने विचारले तर चेंडूचा रंग सांगायचा असतो (2002 चा जगज्जेता पीटर एब्डन रंगांधळाच होता), किंवा पांढरा चेंडू टेबलावरच्या ‘डी’ या अर्धवर्तुळात नीट ठेवला आहे का, याचे उत्तर विचारल्यास द्यायचे असते. मुख्य म्हणजे खुर्चीत दुसराही एक मुलगा बसला होता आणि माझे खाकरणे त्याच्याच खिशातून गेले असते. ही गोष्ट त्या प्रशिक्षकांना का दिसत नाही, हे मला अजून उमगलेले नाही.

तेव्हा डोळ्यांदेखत होणारी चूक चेहऱ्यावर काहीही न दाखवता पाहणे आपल्याला जमणार नसेल, तर या वाटेला जाऊच नका. जमणार असेल, तर आपल्या भागातल्या संघटनेची रेफरीची परीक्षा द्या आणि मिळतील ते सामने घ्या. वर पोहोचलेल्यांच्या वाटा एकसारख्या नाहीत: एरियन विल्यम्स आधी पोलिसात होते, तर मिकेला टॅब ‘पूल’ या टेबलावरच्याच दुसऱ्या खेळातून आल्या आणि 2009 मध्ये जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात रेफरी असलेल्या पहिल्या महिला ठरल्या. तो अंतिम सामना जास्तीत जास्त 35 फ्रेम्सचा असतो, दोन दिवस चार सत्रांत चालतो आणि एकच रेफरी तो संपूर्ण सांभाळतो. पाय आणि पाठ त्या तयारीची हवी.

हे सांगायला हवे की मी स्वतः हौशी स्पर्धांपुरताच रेफरी आहे, व्यावसायिक टूरवर मी काम केलेले नाही, आणि हे काम मी पोटापाण्याचा दुसरा व्यवसाय सांभाळून करतो. निदान पहिली काही वर्षे आपणही नोकरी सोडू नये.