जुन्या मर्सिडीज एस-क्लासला पुढचे एअर स्ट्रट कुठले घ्यावेत?

तुमची २००४ ची एस ३५०, रात्रभर उभी राहिली की सकाळी पुढची डावी बाजू बसलेली असते, आणि गॅरेजवाल्याने एअर स्ट्रटचे (म्हणजे चाकावरचा हवेच्या बलूनचा शॉकअप) तीन भाव सांगितलेत, ओरिजिनल, स्वस्तातला चायनीज आणि स्प्रिंग किट (हवेऐवजी साध्या स्प्रिंग), असंच ना? माझ्याकडे २००३ ची तीच गाडी आहे, डब्ल्यू २२० (या पिढीच्या एस-क्लासचा कोड), पुण्यात चालवतो, आणि यातला स्वस्त पर्याय मी आधीच करून बसलोय.

पण आधी एक सांगा, लीक नक्की स्ट्रटमधूनच आहे हे कोणी बघितलंय का? साबणाचं पाणी घ्या, गाडी चालू करून पूर्ण उचलू द्या आणि स्ट्रटच्या वर जिथे हवेची बारीक नळी लागते तिथे आणि बलूनच्या, म्हणजे हवेच्या रबरी पिशवीच्या, घडीवर मारा. नळीच्या जोडावर बुडबुडे आले तर स्ट्रट कशाला बदलताय. आणि पुढच्या दोन्ही बाजू सारख्याच खाली बसत असतील तर व्हॉल्व ब्लॉकवर (स्ट्रटना हवा वाटून देणारा भाग) संशय घ्या. सपाट जागी रात्री चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंत टेपने मोजा, सकाळी परत मोजा, फुकटचं काम आहे. एकच कोपरा बसतोय आणि घडीवर बुडबुडे येतायत म्हणजे मग रबर गेलंय, वीस वर्षांचं रबर आहे ते, चिरणारच.

आता कुठला घ्यायचा. माझं मत सरळ आहे, बिलस्टीनचा नवा. बिलस्टीन खुद्द मर्सिडीजलाच हा माल पुरवायची, त्यामुळे मर्सिडीजचा डबा नसला तरी बिघडत नाही आणि डब्याचेच पैसे वाचतात. अमेरिकेतली आर्नॉट म्हणून आहे, ते नवेही देतात आणि जुन्या स्ट्रटला नवं बलून बसवलेलेही. बलून बदललेला घेणार असाल तर आतला शॉकअप जुनाच आहे का हे विचाराच, कारण दीड लाख किलोमीटर खड्डे खाल्लेल्या शॉकअपवर नवं बलून म्हणजे गाडी उभी छान राहील पण चालताना डोलेल.

मी ऑनलाइन एक नाव नसलेली जोडी घेतली होती, किंमत बघून मोह झाला. फोटो अगदी तसाच, फिटिंगही झालं, वर्षभर मजेत गेलं आणि मग परत तेच, सकाळी गाडी नाक खाली घालून उभी. आणि मी ‘बघू पुढच्या महिन्यात’ करत चालवत राहिलो, तोच मूर्खपणा, कारण लीक असला की हवा भरणारा कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो, त्याचा रिले (विजेचा स्विच) चिकटतो आणि कॉम्प्रेसरही जळतो. माझा जळला. म्हणजे स्वस्त स्ट्रट, दुसऱ्यांदा स्ट्रट, कॉम्प्रेसर, रिले, हिशोब बायकोला अजून पूर्ण सांगितलेला नाही. तुम्ही नवे स्ट्रट घालाल तेव्हा रिले नवा टाकाच, तो किरकोळ खर्च आहे.

स्प्रिंग किट वाईट आहे असं नाही, गाडी दोन वर्षांत विकायचीच असेल तर समजू शकतो. पण डॅशबोर्डवरची वॉर्निंग गप्प करायला वेगळं मॉड्यूल लागतं, गाडी उचलायचं बटण शोभेचं उरतं (सोसायट्यांचे स्पीडब्रेकर आठवा), आणि ज्या तरंगण्यासाठी ही गाडी घेतली तेच जातं.

ऑर्डर करताना चॅसी नंबरवरून पार्ट काढा. फोरमॅटिकला (चारही चाकं ओढणारी गाडी) पुढचे स्ट्रट वेगळे येतात, आणि एबीसी (मर्सिडीजचं दुसरं सस्पेन्शन) असलेल्या गाडीला तर हवा नाहीच, तेलावर चालतं ते सगळं. शक्य असेल तर जोडीने बदला, उजवीकडचा त्याच वयाचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं फिटिंगचं, नवं बलून रिकामं असताना त्यावर गाडीचा भार टाकायचा नाही, घडी चुकीची पडते आणि नवाकोरा माल पहिल्याच दिवशी फाटतो. आधी स्कॅनर मशीन लावून हवा भरायची, मग जॅक काढायचा. गॅरेजवाला म्हणाला ना की ‘गरज नाही साहेब, जॅक काढला की आपोआप भरते’, तर किल्ली परत मागा.